पाणी विकणारी सुपरस्टार

फिलिपाइन्समधल्या बिकोल भागात इरिगा नावाचं एक गाव आहे. मनिलाहून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी इथल्या स्टेशनात थांबायची. गाडी थांबली, की खिडक्यांशी विकणाऱ्यांची झुंबड उडायची. १९६० च्या सुमारास त्या घोळक्यात एक बुटकी, सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी असे. तहानलेल्या उतारूंना ती पाणी विकायची. नाव नोरा विलामायोर. घरात खाणारी तोंडं भरपूर अन् कमाई तुटपुंजी. तेव्हा पोरांच्या चार पैशांनाही मोल होतं.

हीच मुलगी १६ एप्रिल २०२५ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी गेली, तेव्हा सारं फिलिपाइन्स हळहळलं. सरकारी इतमामात तिला मनिलातल्या वीरांच्या दफनभूमीत चिरविश्रांती देण्यात आली. जिथे सेनानी आणि राष्ट्राध्यक्ष विसावतात, तिथे स्टेशनावर पाणी विकणारी नोरा औनोर!

हा प्रवास गरिबीतून श्रीमंतीकडे, एवढाच असता तर त्यात नवल नव्हतं. सिनेमाच्या दुनियेत अशा कहाण्या पैशाला पासरी. नोराची गोष्ट वेगळी आहे, कारण तिनं एका देशाची चेहऱ्याविषयीची कल्पनाच बदलून टाकली.

फिलिपाइन्सवर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं, त्यानंतर अमेरिकेचं. १९४६ साली देश स्वतंत्र झाला, पण पडद्यावरची नायिका काही स्वतंत्र झाली नाही. ती गोरी, उंच, धारदार नाकाचीच लागे. अंगात थोडं युरोपियन किंवा अमेरिकन रक्त असलेल्यांना तिथे ‘मेस्तिसा’ म्हणतात. नायिकेची जागा जणू त्यांच्यासाठीच राखीव होती. सावळ्या मुलीनं फार तर मोलकरणीचं काम करावं, नाहीतर नायिकेच्या मैत्रिणीचं!

नोराकडे रूप नव्हतं, असं तेव्हाचे निर्माते म्हणत. गळा मात्र होता. खर्जात घुमणारा, भारदस्त आवाज. त्या जोरावर ती गाण्याच्या स्पर्धा जिंकत गेली. नातलगांचं ‘औनोर’ हे आडनाव तिनं लावलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘तावाग नांग तांघालान’ या देशभर गाजलेल्या गायन स्पर्धेचं विजेतेपद तिनं पटकावलं, तेव्हा ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती.

साम्पागिता पिक्चर्स या बड्या चित्रसंस्थेनं तिला करारबद्ध केलं खरं, पण वाट्याला आल्या बारीकसारीक भूमिका. तिची ताकद ओळखली ती थिएटरातल्या स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांनी. मोलकरणी, कारखान्यातल्या पोरी, बाजारात भाजी विकणाऱ्या बाया. शहरातली शिष्ट मंडळी या प्रेक्षकांना ‘बाक्या’ म्हणून हिणवीत. बाक्या म्हणजे लाकडी खडावा, गरिबाची चप्पल. या बायांना पडद्यावर पहिल्यांदाच आपल्यासारखी दिसणारी नायिका भेटली होती. त्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

मग काय, लाटच आली! १९७० च्या सुमारास तिर्सो क्रूझ (तिसरा) या तरुण नटाबरोबर तिची जोडी अशी काही जमली, की तिर्सोनं भेट दिलेली एक बाहुलीही लोकांनी या जोडीची लेक मानली. ‘मारिया लिओनोरा तेरेसा’ हे त्या बाहुलीचं नाव आजही तिथल्या जुन्या पिढीच्या ओठांवर आहे. नोराच्या तबकड्या धडाधड खपत होत्या. दूरचित्रवाणीवर ‘सुपरस्टार’ नावाचा तिचा कार्यक्रम १९८९ सालापर्यंत चालला आणि ती उपाधीच तिचं दुसरं नाव होऊन बसली. तिचे चाहते स्वतःला ‘नोरानियन’ म्हणवून घेऊ लागले.

अशा वेळी कुणीही त्याच त्या नाचगाण्यांवर आयुष्य काढलं असतं. नोरानं स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि गल्ल्याची खात्री नसलेले चित्रपट हाती घेतले. १९७६ साली मारियो ओहारा यांच्या ‘तात्लोंग ताओंग वालांग दियोस’ (देवाविना तीन वर्षं) या चित्रपटात ती जपानी अंमलाखालच्या खेड्यातली शिक्षिका झाली. एका जपानी अधिकाऱ्याकडून अत्याचार सोसलेली, पुढे त्याच्याशीच संसार मांडणारी, आणि त्यापायी गावाच्या रोषाला बळी पडणारी स्त्री. अधिकाऱ्याच्या भूमिकेत होता प्रत्यक्षातला तिचा नवरा, क्रिस्तोफर दे लिऑन! समीक्षकांचा ‘गावाद उरियान’ पुरस्कार पहिल्याच वर्षी तिच्याकडे चालून आला. कालपर्यंत नाकं मुरडणारे आता तिच्या डोळ्यांविषयी लिहू लागले. संवाद नसतानाही ते डोळे बोलतात, असं.

१९८० साली लिनो ब्रोका यांच्या ‘बोना’मध्ये तिनं एका दुय्यम नटाच्या नादी लागून घरदार सोडणाऱ्या चाहतीचं काम केलं. झोपडपट्टीतल्या त्याच्या खोलीत ती पाणी भरते, ते तापवते, त्याला आंघोळ घालते. तो मात्र तिला मोलकरणीपलीकडे किंमत देत नाही. शेवटी एक दिवस तेच उकळतं पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. लाखो चाहत्यांची देवता असलेल्या नोरानं भक्ताचं दुःख पडद्यावर मांडावं, यातच सगळं आलं. पुढल्या वर्षी हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला, आणि नव्यानं दुरुस्त केलेली त्याची प्रत २०२४ साली तिथे पुन्हा झळकली.

पण नोराचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, तो चित्रपट १९८२ चा ‘हिमाला’. आपल्या हिमालयाशी त्याचा काही संबंध नाही. तिथल्या भाषेत हिमाला म्हणजे चमत्कार. दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, लेखक रिकी ली. दुष्काळानं होरपळलेल्या गावातल्या एल्साला माळावर मेरीमातेचं दर्शन घडतं, अशी बातमी पसरते. आजारी माणसांची रीघ लागते, दुकानं थाटली जातात, पैसा वाहू लागतो आणि पाठोपाठ पापही. अखेर हजारोंच्या जमावासमोर उभी राहून एल्सा कबुली देते, की चमत्कार वगैरे काही नसतो, देवही आपणच घडवतो अन् शापही. त्याच क्षणी गोळी सुटते. देवीपण स्वतःहून उतरवून ठेवणारी ही एल्सा नोरानं अशी काही उभी केली, की २००८ साली एका आंतरराष्ट्रीय जनमत चाचणीत ‘हिमाला’ आशिया-पॅसिफिकचा सर्वकालीन सर्वोत्तम चित्रपट ठरला.

१९९५ साली सिंगापुरात फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या फिलिपिनो मोलकरणीला खुनाच्या आरोपाखाली फाशी झाली. परदेशी राबणाऱ्या बायकांच्या जिवावर ज्या देशातली असंख्य घरं चालतात, तो देश पेटून उठला. त्याच वर्षी पडद्यावर फ्लोर झाली नोरा. दुसरं कोण शोभलं असतं? कैरोच्या महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली.

खासगी आयुष्यात मात्र नियतीनं हात आखडता घेतला. संसार मोडला. पुढे ती अमेरिकेत जाऊन राहिली. २००५ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला अटक झाली. उपचाराचा कार्यक्रम पुरा केल्यावर ते प्रकरण निकालात निघालं, पण डाग चिकटायचा तो चिकटलाच. त्याहून मोठा घाव २०१० साली बसला. जपानमध्ये चेहऱ्यावरच्या सौंदर्योपचाराच्या वेळी घशाला इजा झाली आणि तिचा गाता गळाच गेला. ज्या चेहऱ्यानं गोऱ्या रंगाची मिरास मोडली, त्याच चेहऱ्याच्या उपचारात आवाज गमवावा लागावा, याला काय म्हणायचं!

दुसरी एखादी खचली असती. नोरा मायदेशी परतली. २०१२ साली ब्रिलांते मेंडोझा यांच्या ‘दाय वूम्ब’ या चित्रपटात ती दूर दक्षिणेकडच्या तावी-तावी बेटांवरची सुईण झाली. इतरांची बाळंतपणं करणारी, पण स्वतःची कूस न उजवलेली. नवऱ्याला मूल मिळावं म्हणून ती स्वतःच त्याच्यासाठी दुसरी बायको शोधत होडीनं गावोगाव हिंडते. संवाद अगदी मोजके. आवाज गेलेल्या गायिकेनं केवळ डोळ्यांवर चित्रपट तोलून धरला. २०१३ साली हाँगकाँगमध्ये आशियाई चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिचंच नाव पुकारलं गेलं.

सरकारदरबारी मात्र तिला दारात तिष्ठावं लागलं. ‘राष्ट्रीय कलावंत’ हा तिथला सर्वोच्च किताब. २०१४ साली तज्ज्ञांनी तिची शिफारस केली, पण राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो (तिसरे) यांनी अमली पदार्थांच्या प्रकरणाकडे बोट दाखवून नाव गाळलं. २०१८ सालीही तिचं नाव यादीत आलं नाही. कलावंताची कला पाहायची की चारित्र्याचा दाखला, यावर देशभर वाद झडला. अखेर जून २०२२ मध्ये किताब मिळाला, तोही ‘हिमाला’चे लेखक रिकी ली यांच्या जोडीनं.

तोवर तिच्या चाहत्या बायकांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मात्र सरकारच्या निकालाची वाट कधीच पाहिली नव्हती. अर्धशतकापूर्वी स्वस्तातलं तिकीट काढून त्या थिएटरात बसल्या, समोर आपल्याच रंगाची मुलगी पाहिली, आणि तिथेच त्यांनी आपला निकाल देऊन टाकला होता.