कूलर आणि कलम 50

मी काही घटनातज्ज्ञ नव्हे. शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात 'कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ' हा प्रश्न मी दरवर्षी ऑप्शनला टाकत असे. पुढे तो मला एका कूलरने शिकवला.

नागपुरात मे महिन्यात कूलरचा मान कुलदैवताच्या खालोखाल असतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका रविवारी नियम केला : कूलरचा स्टँड भिंतीबाहेर नऊ इंचांपेक्षा जास्त येता कामा नये. सोमवारी स्वतःच टेप घेऊन आले. माझा स्टँड अकरा इंच भरला. मंगळवारी भर दुपारी दोन माणसं आणून तो उतरवला. बुधवारी मी अपील केलं. ते सेक्रेटरींनीच ऐकलं आणि फेटाळलं.

"काहून तापून राहिले जी? नोटीस लावली होती ना बोर्डावर!" ते म्हणाले.

लावली होती खरी. दार उघडं असलं की बोर्ड दारामागे जातो आणि आमचं दार दिवसभर उघडंच असतं. खुद्द सेक्रेटरींचा स्टँड चौदा इंच बाहेर आहे. फरक इतकाच, की मागच्या सभेत पाण्याच्या टाकीचा हिशेब त्यांनी नव्हे, मी मागितला होता.

कूलर गेला म्हणून कोणी मरत नाही. मी पंख्याखाली ओला पंचा घेऊन झोपलो. पण हाच खेळ टेपऐवजी बुलडोझर घेऊन कोणी खेळू लागलं, तर पंचा पुरत नाही.

17 मार्च 2025 रोजी आमच्या नागपुरात दंगल झाली. ज्यांनी केली त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण आठवडाभरात, 24 मार्चला, महापालिकेने एका आरोपीचं घर पाडलं. आरोपीचं म्हणतोय, गुन्हेगाराचं नव्हे. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, पण तोवर घराचा मलबा झाला होता. स्थगितीने भिंती परत उभ्या राहत नाहीत.

"पण बांधकाम अनधिकृत होतं ना!" आमचे शेजारी म्हणतात. असेलही. पण मग इतकी वर्षं टेप कुठे होता? दंगलीच्या आठवड्यातच तो कपाटातून कसा सापडला? माझे अकरा इंचही हिशेब मागितल्यावरच वाढले होते.

बरं, कायदा कोणाला ठाऊक नव्हता म्हणावं, तर सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजीच सगळं फोड करून सांगितलं होतं : पंधरा दिवसांची नोटीस, तीही नोंदणीकृत टपालाने, घरमालकाचं म्हणणं ऐकणं, कारणांसह लेखी आदेश, पाडण्याचं चित्रीकरण, आणि नियम मोडल्यास अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्त्यावरच्या, फुटपाथवरच्या अतिक्रमणांना ही सवलत नाही, हेही सांगितलं होतं. आणि निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती भूषण गवई होते; अमरावतीचे, वकिलीची कित्येक वर्षं नागपूर खंडपीठात काढलेले. म्हणजे घरच्याच माणसाने सांगितलेलं घरात ऐकू आलं नाही! एप्रिलमध्ये आयुक्तांनी न्यायालयात माफी मागितली. या सूचना अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हत्या म्हणे. मला दारामागचा बोर्ड आठवला. फक्त या वेळी तो न दिसणारे सेक्रेटरी होते.

"पण असल्या लोकांना असाच धडा हवा," शेजारी काही ऐकत नाहीत. मी म्हणतो, भाऊ, धडा जरूर द्या. पण कायद्याच्या कोणत्या पुस्तकात 'घर पाडणे' ही दंगलीची शिक्षा लिहिलीय ते दाखवा. शिक्षा एकाची आणि छप्पर जातं ते म्हातारीच्या, पोरांच्या डोक्यावरचं. पकडणाराच निवाडा करणार आणि निवाडा करणाराच पाडणार असेल, तर मधल्या कोर्टाचं काम काय? घटनेच्या कलम 50 मध्ये न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवा असं म्हटलंय, ते कागद उरला होता म्हणून नव्हे.

आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन आणि उच्च न्यायालय दोन्ही आहेत. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळ्यात सरकारही मुक्कामाला येतं, तेव्हा राज्याचे तिन्ही खांब सकाळच्या एका फेरफटक्यात पाहून होतात. खांब जवळ असावेत, हरकत नाही. पण एकमेकांना चिकटले तर मध्ये खोली उरत नाही, आणि आपण राहतो ते त्या खोलीत.

परवा आमच्या शेजाऱ्यांचा कूलर सेक्रेटरींनी मोजला. दहा इंच भरला. ते धापा टाकत माझ्याकडे आले.

"हे काय हो, आधी नोटीस नको? आमचं ऐकून घ्यायला नको?"

मी त्यांना बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि नागरिकशास्त्राचा तो ऑप्शनला टाकलेला प्रश्न सोडवायला घेतला.