रिपोर्ट नॉर्मल आहे!

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मित्राचे पोट दुखू लागले. तो गोकाककडचा. घरी कानडी, माझ्याशी मात्र अर्धे कानडी, अर्धे मराठी. "होट्टि नोवू" एवढेच म्हणून तो भिंतीकडे तोंड करून पडला. आदल्या रात्री मिरची-भजी झाली होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी निदान करूनच टाकले. तरी संध्याकाळी मी त्याला दवाखान्यात नेले. रक्त तपासले. पांढऱ्या पेशी ९,८००. चार ते अकरा हजार ही निरोगी माणसाची मर्यादा मला पाठ होती. विज्ञान शाखेचा विद्यार्थी ना मी! "रिपोर्ट नॉर्मल आहे, झोप आता," असे मीच त्याला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बेंबीभोवतीचे दुखणे उजवीकडे खाली सरकले. दुपारी ते एकाएकी कमी झाले आणि आम्हाला बरे वाटले. अपेंडिक्स फुटताना आतला ताण सुटतो आणि काही वेळ असा फसवा आराम पडू शकतो, हे मला कुठे ठाऊक होते? तिसऱ्या दिवशी पहाटे तो तापाने फणफणला. या वेळी पेशी १८,४००, सीआरपी १६०, बिलिरुबिनही वाढलेले. शस्त्रक्रियेत पोटात पू सापडला. अकरा दिवस तो रुग्णालयात होता.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की रक्ततपासणीचा आकडा घड्याळाशिवाय वाचणे म्हणजे तारीख नसलेले पत्र वाचण्यासारखे आहे. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते प्रथम ओळखले. दाह सुरू झाल्यावर ते वाढायलाच काही तास लागतात आणि कळस गाठायला सुमारे दोन दिवस. म्हणजे पहिल्या संध्याकाळचा कमी आकडा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. उलट तो फार वाढला, जोडीला बिलिरुबिनही चढले, तर अपेंडिक्स सडले किंवा फुटले असल्याचा संशय बळावतो. आतड्यातले जंतू आणि त्यांची विषे रक्तावाटे यकृताशी पोहोचली की पित्ताचा निचरा मंदावतो, म्हणून बिलिरुबिन वाढते. हाही संशयच, पुरावा नव्हे. ही द्रव्ये इतर आजारांतही वाढतात.

अल्व्हाराडो यांनी १९८६ मध्ये अपेंडिक्सच्या निदानासाठी दहा गुणांची पद्धत मांडली. (आपल्याला गुणांची भाषा लवकर कळते.) त्यात रक्ताला गुण फक्त ३. उरलेले ७ रोग्याच्या तक्रारींना, तापाला आणि पोटावर ठेवलेल्या हाताला. मी तीन गुणांचा पेपर पाहून निकाल लावला होता, आणि तोही अर्धवट सोडवलेला!

मग रक्त तपासूच नये काय? काही डॉक्टर तसे म्हणतात. मला ते पटत नाही. साधे अपेंडिक्स असेल तर निवडक रोग्यांत प्रतिजैविकांवर भागू शकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तसे उपचार घेतलेल्या दहांपैकी सुमारे तिघांना नव्वद दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. सात जणांची टळली. फुटलेल्याला ही चैन नाही. हा फरक आधी कळण्यासाठी सीटी स्कॅन उत्तम, पण आपल्याकडच्या किती तालुक्यांच्या गावी तो रात्री अकरा वाजता होतो? सुई आणि काचेची नळी मात्र असते. म्हणून संशयित रोग्याचे रक्त काही तासांनी पुन्हा तपासावे, प्रत्येक कागदावर दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहावी आणि दुसरा आकडा चढलेला दिसला तर गाडी मागवायला सकाळची वाट पाहू नये.

मित्र आता बरा आहे. कुणाचे डोके दुखले तरी तो मला हाक मारतो, "नॉर्मल डॉक्टर, बा इल्ली!" सगळे हसतात. मीही हसतो, तो पहिला कागद मात्र अजून माझ्या वहीत आहे.