एक दिवस एक्स्ट्रा ठेवा!

पोखरा ते जोमसोम. विमानाने जेमतेम वीस मिनिटं. ठाण्याहून फास्ट लोकल पकडून दादरला उतरायलाही याहून जास्त वेळ लागतो!

29 मे 2022 च्या सकाळी तारा एअरचं ट्विन ऑटर याच वीस मिनिटांसाठी उडालं. आत 22 जण, त्यातले चौघे आपल्या ठाण्याचे. विमान जोमसोमला पोचलंच नाही. दुसऱ्या दिवशी मुस्तांगच्या डोंगरात, साधारण साडेचौदा हजार फुटांवर अवशेष सापडले. कुणीच वाचलं नव्हतं.

'जुनाट विमानं, दुसरं काय!' ही आपली ठरलेली कमेंट. विमान 1979 चं होतं, हे खरंच. पण चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीवर. विमान ढगात शिरलं, मार्ग सुटला आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. अशा दऱ्यांत डोंगर कायमच जवळ, त्यामुळे ती सारखी कोकलत राहते!

हा रूटच तसा आहे, मंडळी. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर. मधून काली गंडकीची दरी. वैमानिकाने डोळ्यांनी बघत जायचं. दुपारकडे दरीत वारा पिसाळतो, म्हणून उड्डाणं सकाळीच. सकाळी ढग असले की सगळ्यांची घालमेल सुरू. याच मार्गावर, याच कंपनीच्या विमानात फेब्रुवारी 2016 मध्ये 23 जण गेले होते.

2022 च्या अपघातानंतर नेपाळने नियम कडक केला: दोन्ही टोकांनाच नव्हे, तर वाटेतही हवा स्वच्छ हवी. म्हणजे फ्लाइट रद्द होणारच.

माझ्या इनबॉक्समध्ये मुक्तिनाथच्या दोन आयटिनररी पडल्यात, मैत्रिणींनी 'बघ गं जरा' म्हणून पाठवलेल्या. दोन्हींत जोमसोमची फ्लाइट, परतीची दुसऱ्याच दिवशी आणि लगेच सोमवारी ऑफिस. दोघींनाही मी एकच उत्तर पाठवलंय: रजेच्या अर्जात एक दिवस जास्त टाक. बॉस कुरकुरेल, कुरकुरू दे. काउंटरवरचा माणूस 'आज नाही' म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. खाली जीप मिळते. दिवसभर धूळ खायला लागते, हाडं खिळखिळी होतात. चालतंय की!