सायलेन्सरचा धर्म

दूरच्या प्रवासासाठी मोटारसायकल घेणाऱ्या तरुणास गाडी हाती येताच मूळचा सायलेन्सर उतरवून दुसरा बसविण्याची घाई होते. या हौसेस आमचा सरसकट विरोध नाही. मूळचा सायलेन्सर जड असतो, पुढेमागे गंजतोही. तेव्हा हलका व टिकाऊ पर्याय कोणी शोधला तर त्यात गैर ते काय? परंतु आज निवडीची कसोटी आवाज ही होऊन बसली आहे, आणि आमचा आक्षेप आहे तो त्यालाच.

१७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीस आपल्या नियमांनी ८० डेसिबलची मर्यादा घातली आहे. तीत १० डेसिबलची भर म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट, हे दुकानदार सांगत नाही. भारत स्टेज ६ च्या पुष्कळ गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच नळीत असतो. सबंध नळी बदलली की तोही जातो. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये १०,००० रुपयांपर्यंत दंड वा कैदही होऊ शकते.

पण दंडाचे भय ही दुय्यम गोष्ट होय. दिवसभर कानाशी चाललेला गडगडाट प्रथम स्वारालाच थकवितो, आणि रात्री वाटेवरच्या गावातील आजाऱ्याची झोप मोडतो. ताम्हिणी घाटाची शांतता अनुभवावयास निघालेल्याने तीच भंग करून परतावे, याला प्रवास कसे म्हणावे? सायलेन्सर निवडताना तरुणांनी एवढा विचार अवश्य करावा.