चाँद दिसताच सुटलेली बाटली

रमजानचा चाँद दिसला की महाल, हंसापुरी, मोमीनपुऱ्यातल्या काही घरांत एक गोष्ट गुपचूप घडते. वर्षभर रोज पिणारा माणूस त्या रात्री बाटलीला हात लावत नाही. पहाटे सहरीला उठतो, रोजा धरतो. अम्मी दुवा करते, बायको कुणाला काही बोलत नाही, कारण आधीही काही बोललेली नसते. शेजारच्या गल्लीत श्रावणात हेच होते. गटारीला शेवटची बाटली आणि मग महिनाभर कडकडीत. नवरात्रातही तेच.

दारू सुटली ही आनंदाचीच गोष्ट. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत बंद झाली, तर त्यात त्याचा जीवही जाऊ शकतो. हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. दारू मेंदूला मंद करते आणि मेंदू तिच्याशी झुंजण्यासाठी कायम जास्त वेगाने चालू लागतो. दारू अचानक थांबली की ब्रेक निघतो, वेग तसाच राहतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. घरच्यांना वाटते, रोजा लागला असेल. एक-दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, ताप चढतो, कोपऱ्यात कुणीतरी उभे दिसते, अंगावर किडे फिरतात असे वाटते.

आणि इथे आपण सगळे धर्म विसरून एक होतो. एका घरात म्हणतात बाहेरचे लागले, दुसऱ्या घरात म्हणतात जिन्नाचा असर आहे. कुठे लिंबू उतरवतात, कुठे पाणी दम करून आणतात. यात दोन दिवस जातात आणि जीव वाचवायला तेच दोन दिवस हवे असतात. वेळेत दवाखान्यात नेले तर बहुतेक रुग्ण वाचतात. मेंदूला शांत करणारी औषधे डॉक्टर देतात आणि रोज कमी करत आणतात, सोबत बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने.

आता आकड्यांकडे येतो, कारण आमच्याकडे या विषयावर आकडेच जास्त फेकले जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील 13.9 टक्के पुरुष आणि 0.4 टक्के बाया दारू पितात असे दिसले. देशभरात आदिवासी समाजात हे प्रमाण जास्त, मुसलमानांत इतरांच्या मानाने बरेच कमी. आमच्या जलशांत ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. अभिमान वाटावा अशी ती आहेही. पण हा पिणाऱ्यांचा हिशेब झाला, मरणाऱ्यांचा नाही.

हे दोन हिशेब सारखे नसतात. स्कॉटलंडमध्ये सर्वांत गरीब वस्त्यांत दारूने होणारे मृत्यू सर्वांत श्रीमंत वस्त्यांच्या चौपटीहून अधिक आहेत, आणि तिथले गरीब श्रीमंतांपेक्षा जास्त पितात असे मात्र नाही. पोट रिकामे, काम कष्टाचे, डॉक्टर उशिरा, म्हणून तेवढीच दारू गरिबाला लवकर नेते. आपल्याकडे त्यात स्वस्त विषाची भर पडते. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसे गेली, ती मोलमजुरी करणारीच होती.

कोणत्या समाजात किती मेले, हे विचारायला जावे तर कागदच नाही. देशात 2020 मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांचे कारण घरचे सांगतील ते. आणि घरचे काय सांगतात? ‘पीलिया झाला होता.’ ‘पोटात पाणी झालं होतं.’ दोन्ही खरेच असते. लिव्हर गेलेल्या माणसाला कावीळ होते, पोटात पाणी भरते. फक्त लिव्हर कशाने गेले, ते सांगायचे राहते. कफनदफनाला जमलेल्या लोकांनाही ते माहीत असते.

नागपूरकरांना मी नेहमी शेजारच्या जिल्ह्यांचे उदाहरण देतो. वर्धा कोरडा, गडचिरोली 1993 पासून कोरडा, चंद्रपूर 2015 ला कोरडा झाला आणि 2021 मध्ये पुन्हा ओला. मुस्लिम समाज हा असाच एक कोरडा जिल्हा आहे. बंदीने पिणारे घटतात, याबद्दल मला शंका नाही आणि मी बंदीच्याच बाजूचा आहे. पण कोरड्या जिल्ह्यात जो पितो तो लपून पितो, आणि लपून पिणारा आजारीही लपूनच पडतो. हिंदू मित्र भट्टीवर उघड बसतो, घरचे भांडतात, भांडता भांडता एखादा भाऊ त्याला मेयोत नेतो. आमचा माणूस तिथे पोचतो तेव्हा डोळे पिवळे झालेले असतात. महिलांचे तर विचारूच नका. 0.4 टक्क्यांतली एखादी बाई, कोणत्याही धर्माची असो, कोणत्या तोंडाने ओपीडीच्या रांगेत उभी राहील?

मशिदीत दारूवर बयान होते ते हराम या शब्दाने सुरू होते आणि तिथेच संपते. खरे तर मनाई एका दिवसात आली नव्हती. आधी फायद्यापेक्षा नुकसान मोठे असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजला उभे राहू नका असे बजावले, आणि नंतर पूर्ण बंदी आली. आजारी माणसाला रोज्याची सवलतही आहे. बरे झाल्यावर तेवढे रोजे नंतर धरता येतात. झटके येणाऱ्या माणसाला औषधाची गोळी दिवसा घ्यावी लागली तर त्यात गुन्हा काही नाही, हे इमामसाहेबांनी तरावीहनंतर दोन मिनिटांत सांगितले, तर कितीतरी घरांतली बाई रात्रीच दार उघडून रिक्षा बोलावेल.

मेयो आणि मेडिकल या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सरकारचा टेलिमानसचा 14416 हा क्रमांक फुकट लागतो, मराठीत आणि हिंदीतही बोलता येते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका शहरात भरतात, तिथे आडनाव विचारत नाहीत. आमच्या लोकांना ही शेवटची गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न येतो, ‘पण तिथं आपल्या मोहल्ल्याचं कुणी भेटलं तर?’ भेटेल. तोही त्याच कामाला आलेला असेल.