शीर्षकगीत वगळू नका

मालिकेचे शीर्षकगीत आता कालबाह्य झाले, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद साधा आहे. प्रेक्षक कथा पाहायला बसतो, मग रोज तेच गाणे त्याच्या माथी का मारायचे? २०१७ साली नेटफ्लिक्सने सुरुवातीची नामावली ओलांडण्याचे बटण दिले आणि या मताला बळ आले. मराठी वाहिन्यांवरही अनेक शीर्षकगीते आखडत एखाद्या ओळीवर, कुठे नुसत्या सुरावटीवर आली आहेत. मला हे मत मुळातच चुकीचे वाटते. पहिला संवाद कानी पडला की कथा सुरू झाली, हे त्यातले गृहीतकच खोटे आहे.

याचा दाखला झाडीपट्टीत मिळतो. भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरची ओळख आयुध निर्माणीची वसाहत अशी असली, तरी हा सारा भंडारा मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने इथल्या गावोगावी रात्रभर नाटके चालतात. ऑर्गन आणि तबल्याचे सूर उठले की पांगलेली गर्दी मांडवाकडे वळते. पात्र रंगमंचावर येण्याआधीच प्रेक्षकांचे मन नाटकात शिरलेले असते. या सुरांना वेळेचा अपव्यय म्हणण्याचे धाडस तिथे कुणी करणार नाही. यावर कुणी म्हणेल, नाटक वर्षातून एखाद्या रात्री, मालिका मात्र रोज. आक्षेप रास्त आहे, पण रोज असते म्हणूनच मालिकेला गीताची गरज अधिक. दूरचित्रवाणी संच एका खोलीत असतो आणि घरची माणसे चार ठिकाणी कामात असतात. त्यांना एकत्र बोलावते ते गाणेच. शिवाय कथा पुढे सरकते तसा त्याच शब्दांचा अर्थ गडद होत जातो. ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत मंगेश कुळकर्णींनी लिहिले, अशोक पत्कींनी स्वरबद्ध केले, देवकी पंडितांनी गायले. १९९९ मध्ये सुरू झालेली ती मालिका कधीच संपली. कथेचे तपशील विसरलेल्यांनाही ते गाणे आठवते. ‘भारत एक खोज’ या मालिकेत संगीतकार वनराज भाटियांनी सुरुवातीला ऋग्वेदातले नासदीय सूक्त घेतले, शेवटी हिरण्यगर्भ सूक्त. सृष्टीच्या उगमाविषयी शंका विचारणारे सूक्त इतिहासाच्या दाराशी ठेवणे, हे त्या मालिकेतले सर्वांत धीट विधान होते. ते ओलांडून पुढे जाणारा प्रेक्षक नेमके तेच गमावतो.

कंटाळ्याची सबब तर मला मान्यच नाही. एकच जाहिरात एका भागात तीनदा दाखवताना प्रेक्षकाच्या कंटाळ्याची काळजी कुणाला वाटत नाही. गाण्याला कात्री लागते, कारण त्या सेकंदांना बाजारात भाव आहे.

प्रत्येक कलाकृतीला गाणे हवेच, असा माझा दावा नाही. ‘फँड्री’साठी अजय-अतुल यांनी केलेले गाणे चित्रपटाबाहेरच राहिले, आत आलोकनंदा दासगुप्तांचे पार्श्वसंगीत आहे. ती निवड कथेच्या गरजेतून झाली, म्हणून ती योग्य. गाण्याने त्या कथेची धार बोथट झाली असती. पण रोज घरात येणाऱ्या, वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेची गरज वेगळी आहे. वाहिन्यांनी निदान दर सोमवारी पूर्ण शीर्षकगीत वाजवावे आणि कवी, संगीतकार, गायक यांची नावे वाचता येतील इतका वेळ पडद्यावर ठेवावीत. मिनिटभराचाच प्रश्न आहे.