भीती बँकेची, खर्च काकूंचा

माणूस गेला की बँकेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कोर्टातून वारस दाखला आणा." नॉमिनी समोर उभा असताना हे म्हणणं म्हणजे निव्वळ आडमुठेपणा आहे, असं माझं स्पष्ट मत.

आमच्या काकू धुळ्याला राहतात. काकांची दोन लाखांची एफडी जळगावच्या एका बँकेत (नाव देत नाही), नॉमिनी काकूच. तरी साहेब म्हणाले, "उद्या दुसरं कुणी उभं राहिलं तर?" झालं! पारोळा-एरंडोल करत काकूंच्या तीन चकरा, वर वकिलाची फी.

आता गंमत बघा. हा दाखला मिळतो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली. खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ ला झाले, त्याच्याही ७९ वर्षं आधीचा कायदा. सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण वाचतं कोण? पहिलंच कलम म्हणतं, वारसाने कोर्टात न जाता मालमत्तेचा कारभार हाती घेतला तरी चालेल. दुसरं म्हणतं, ज्यांच्याकडे मयताचा पैसा अडकलाय त्यांना वारसाशी व्यवहार करणं सुरक्षित व्हावं म्हणून वारसाला वाटलं तर अर्ज करावा; कोर्ट जाहीरनामा काढून महिनाभर हरकती मागवेल. म्हणजे सुरक्षा बँकेची आणि वकील काकूंचा. वा रे न्याय!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "नॉमिनी मालक नसतो हो, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय." सांगितलंय ना, डिसेंबर २०२३ मध्ये, कालनिर्णयवाल्या जयंत साळगावकरांच्या मालमत्तेच्या दाव्यात. पण मालक कोण, हे वारसांनी आपसात बघायचं. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी! रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये बजावलं, सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं: नॉमिनी असेल आणि कोर्टाची मनाई नसेल तर वारसा प्रमाणपत्र मागू नका.

भाऊबंदकी असेल, मृत्युपत्रावरून वाद असेल तर कोर्टात जावंच लागतं, त्याला माझी ना नाही. पण एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम चालली, मयतांच्या जागी वारसांची नावं लावली गेली. तिथे तलाठ्याची चौकशी पुरते, आणि दोन लाखांच्या एफडीला न्यायाधीश लागतो? (सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे, माहितीये. नॉमिनीचंही तेच तर आहे!)

तेव्हा साहेबांनी दाखला मागितला तर "कुठल्या नियमाने, ते लेखी द्या" म्हणायचं. मग बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे फी लागत नाही, वकीलही नाही.